पथारी, पाश आणि यदृच्छा

फुटपाथवर बसून विकणाऱ्यांना आपण पथारीवाले म्हणतो. हातगाडी नाही, टपरी नाही. जमिनीवर कापड अंथरायचं, त्यावर माल मांडायचा, की धंदा सुरू. ही पथारी संस्कृत 'प्रस्तारा'च्या कुळातली. 'स्तृ' म्हणजे पसरणे. विस्तार त्यातूनच आला, अंथरूणही त्यातूनच (मुळात आस्तरण), आणि प्राकृतात 'प्रस्त'चा 'पत्थ' झाल्यावर पथारी. या प्रस्ताराने एकेकाळी गणितात मोठी जागा व्यापली होती. पथारीवाल्याला ते ठाऊक असण्याचं कारण नाही, पण गणिताच्या विद्यार्थ्यालाही ते सहसा कोणी सांगत नाही.

प्रस्तार पहिल्यांदा भेटतो पिंगलाच्या छंदःसूत्रांत, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या काही शतकांत. अक्षरं दोनच प्रकारची, लघू आणि गुरू. तीन अक्षरांचा गट घेतला तर तो किती तऱ्हांनी बनेल? गगग, लगग, गलग, ललग, गगल, लगल, गलल, ललल. आठ झाले. हेच आपले म, य, र, स, त, ज, भ, न हे गण, नेमके याच क्रमाने. वृत्तं शिकताना 'यमाताराजभानसलगा' घोकलेलं असतं, ते याचंच दुसरं रूप. कोणतंही अक्षर घ्या, पुढची दोन जोडा, त्या अक्षराचा गण तयार. दहा अक्षरांच्या त्या निरर्थक शब्दात आठही गण एकेकदाच येतात, एकही पुन्हा येत नाही. अशा मालिका किती असू शकतात हे १९४६ साली डच गणितज्ञ द ब्रॉइन यांनी बिंदू आणि बाणांची आकृती काढून मोजलं, आणि मालिकांना त्यांचं नाव पडलं. पुढे त्यांच्या लक्षात आलं, की १८९४मध्ये एका फ्रेंच माणसाने हे मोजून ठेवलेलंच होतं. तसं त्यांनी जाहीर करूनही टाकलं. नाव मात्र त्यांचंच राहिलं. 'यमाताराजभान' कोणी रचलं, त्याला तर नावही नाही.

प्रस्ताराचा दोष त्याच्या नावातच आहे: तो पसरतो. एक अक्षर वाढलं की ओळी दुप्पट. शिखरिणी, पृथ्वी, मंदाक्रांता ही सतरा अक्षरी वृत्तं ज्या प्रस्तारात बसतात त्यात १,३१,०७२ ओळी. शार्दूलविक्रीडिताच्या एकोणीस अक्षरांना ५,२४,२८८. धूळपाटीवर एवढं कोण लिहिणार? म्हणून छंदःशास्त्रात प्रस्तारापाठोपाठ दोन शब्द येतात, आणि माझ्या मते त्या शास्त्रातले सर्वांत देखणे शब्द तेच: नष्ट आणि उद्दिष्ट.

समजा, प्रस्तारातली सहावी ओळ पुसली गेली, नष्ट झाली. वरपासून सगळं पुन्हा न मांडता ती कशी सांगायची? पिंगलाची रीत अशी. संख्या सम असेल तर लघू लिहा आणि ती निम्मी करा. विषम असेल तर गुरू लिहा, एक मिळवा, मग निम्मी करा. सहा सम, लिहिला ल, उरले तीन. तीन विषम, लिहिला ग, एक मिळवून निम्मे केले, उरले दोन. दोन सम, लिहिला ल. उत्तर लगल, म्हणजे जगण. वरच्या यादीत सहावी ओळ पाहा, तीच आहे. सतरा अक्षरांच्या प्रस्तारातली एक्क्याऐंशी हजारावी ओळ हवी असली तरी काम सतरा पावलांत आटोपतं. एक लाख एकतीस हजार ओळींच्या जागी सतरा पावलं.

उद्दिष्ट म्हणजे उलटा प्रश्न. ओळ समोर आहे, तिच्याकडे बोट दाखवलं आहे ('दिश्' म्हणजे दाखवणे), आता तिचा क्रमांक सांगा. आज उद्दिष्ट म्हटलं की मार्चअखेरची वसुली आठवते आणि नष्ट म्हटलं की पुरात वाहून गेलेली पिकं. संगणकशास्त्रात याच जोडीला अनरँकिंग आणि रँकिंग म्हणतात. एका शब्दाला 'अन' लावून दुसरा बनवायचा, यापेक्षा नष्ट-उद्दिष्ट किती तरी नेटकं. पण 'हे सगळं आपल्याकडे आधीच होतं' ही पिपाणी मला वाजवायची नाही. होतं ते होतं, नव्हतं ते नव्हतं. काय नव्हतं, त्याकडे पुढे येतोच.

सगळं पसरून पाहायचं की न पसरता उत्तर काढायचं, हा भेद आधुनिक गणिताने शब्दांत पकडला तो १९६५ साली. जॅक एडमंड्स या अमेरिकन गणितज्ञाने जोड्या जुळवण्याच्या प्रश्नावर एक निबंध लिहिला. शीर्षक मोठं रसिक आहे: वाटा, झाडं आणि फुलं. त्यातल्या फुलाचा गाभा म्हणजे विषम लांबीची वर्तुळाकार साखळी, जी मिटून एका बिंदूएवढी करता येते. या निबंधात एडमंड्स थोडे विषयांतर करून विचारतात, की रीत चांगली कधी म्हणायची? त्यांचं उत्तर असं, की प्रश्नाचा आकार वाढत गेला तर लागणारा वेळ त्या आकाराच्या वर्ग-घनासारख्या एखाद्या ठरीव घाताच्याच प्रमाणात वाढावा, प्रस्तारासारखा दरवेळी दुप्पट होऊ नये. शब्द त्यांनी साधाच वापरला, 'गुड'. पुढे रूढ झाला तो मात्र 'एफिशियंट'.

मराठीत त्याला आपण सरळ कार्यक्षम म्हणून मोकळे झालो. मला हा शब्द इथे पटत नाही. कार्यक्षम म्हणजे काम करायला समर्थ. इंग्रजी शब्दाचं लॅटिन मूळही तेच सांगतं, काम तडीस नेणारा. पण सगळा प्रस्तार मांडत बसणारी रीतही काम तडीस नेतेच की, फक्त तोवर सूर्य विझलेला असेल. प्रश्न सामर्थ्याचा नाही, खर्चाचा आहे. कोणी 'जलद' म्हणतात. हा जलद फारसीतला; संस्कृतातल्या जलदाचा, म्हणजे ढगाचा, चर्चगेटच्या जलद लोकलशी काही संबंध नाही. पण जलदही अपुरा. यंत्र जलद असून भागत नाही, रीत शहाणी लागते. मला विचाराल तर शब्द आहे काटकसरी. पावलं मोजून टाकणारी, उगाच पसारा न मांडणारी, ती काटकसरी रीत. विद्यापीठात कोणी हा शब्द घेणार नाही, याची मला कल्पना आहे.

काटकसरीतल्या 'कसर'वर थोडं थांबू. कसर अरबी 'कस्र'वरून आली. कस्र म्हणजे मोडणे, तुटणे, आणि म्हणून अपूर्णांकही. त्याच्या उलट 'जब्र': मोडलेलं हाड बसवणे, तुटलेलं सांधणे, आणि बळजबरी करणे. आपल्याकडे दुसरा अर्थ आला, 'जबरी'त आणि 'बळजबरी'त. गणितात पहिला अर्थ गेला. बगदादला, नवव्या शतकाच्या पूर्वार्धात, महंमद इब्न मूसा अल्-ख्वारिझ्मीने समीकरणं सोडवण्याचं पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच 'अल्-जब्र' आहे. समीकरणाच्या एका बाजूला काही वजा असेल तर तेवढंच दोन्ही बाजूंना मिळवून ती तूट भरायची, ही त्याची क्रिया. मराठीत आपण 'कसर भरून काढणे' म्हणतो ते अक्षरशः हेच. अल्जिब्रा या शब्दाचा अर्थ शिकवायला याहून सोपं साधन कोणाच्या हाती नसेल, आणि वर्गात ते कधी वापरलेलं मी ऐकलं नाही.

याच माणसाच्या नावातून अल्गोरिदम आला. ख्वारिझ्म हा अरल समुद्राच्या दक्षिणेचा प्रदेश, म्हणजे आडनाव म्हणावं तर आपल्या नागपूरकर-सातारकरांसारखं गावावरून पडलेलं. हिंदू अंकांनी हिशेब कसा करावा यावर त्याने एक पुस्तक लिहिलं. मूळ अरबी हरवलं, बाराव्या शतकातली लॅटिन रूपं उरली, त्यांत त्याच्या नावाचं 'अल्गोरिझ्मी' झालेलं. वाचणाऱ्यांना ते माणसाचं नाव न वाटता त्या हिशेबपद्धतीचंच वाटू लागलं. पुढे कोणाला त्यात ग्रीक 'अरिथ्मॉस', म्हणजे संख्या, हा शब्द दिसू लागला आणि शेपटीला 'थ' चिकटला. पोर्तुगीजमध्ये मात्र तोच शब्द दुसऱ्याच वाटेने गेला: 'अल्गारिज्मु' म्हणजे नुसता अंक. गोव्यात पोर्तुगीज शाळांतून शिकलेल्या जुन्या माणसाला हा शब्द ऐकून एक-दोन-तीन आठवणार आणि त्याच्या नातवाला आपलं रील किती जणांना दिसलं ते.

अल्गोरिदमला मराठी प्रतिशब्द हवाच असा माझा हट्ट नाही. शाळेत आपल्याकडे 'रीत' होतीच. उत्तर बरोबर, पण रीत लिहिली नाही म्हणून गुण कापले, हे सोसलेली माणसं घरोघरी आहेत. एखाद्या विशिष्ट रीतीला कसं नाव द्यावं याचा नमुनाही आहे. आर्यभटाने ४९९ साली एक रीत सांगितली. एका संख्येला अमक्याने भागून बाकी इतकी उरते, तमक्याने भागून तितकी, तर ती संख्या कोणती? मोठ्या संख्येला लहानीने भागायचं, बाकीने पुन्हा लहानीला, असं बारीक करत जायचं. हिला नाव पडलं कुट्टक. कुटणे आपल्याकडे आजही चालू आहे. शेंगदाण्याचं कूट आणि हा कुट्टक सख्खे. ब्रह्मगुप्ताने तर बीजगणिताच्या अख्ख्या अध्यायालाच कुट्टकाध्याय म्हटलं. रीतीचं नाव तिच्या कामावरून ठेवलं की ते विसरायला होत नाही.

आता पाश. भास्कराचार्यांच्या लीलावतीचा शेवटचा भाग म्हणजे अंकपाश, अंकांची अदलाबदल करून किती संख्या बनतात याचं गणित. त्यातली उदाहरणं देवघरातली आहेत. शंकराच्या दहा हातांत पाश, अंकुश, साप, डमरू वगैरे दहा वस्तू आलटून पालटून दिल्या तर मूर्ती किती? छत्तीस लाख अठ्ठावीस हजार आठशे. आणि विष्णूच्या चार हातांत गदा, चक्र, कमळ, शंख? चोवीस. संध्येतली केशव, नारायण, माधव ही चोवीस नावं याच चोवीस मूर्तींची, कोणत्या हातात काय यावरून ओळखायची. मुंज झालेल्या कित्येक मुलांनी चारचं क्रमगुणित रोज म्हटलेलं आहे, कोणी तसं सांगितलं नाही इतकंच. प्रकरणाच्या शेवटी भास्कराचार्य गणकांना एक चिमटाही काढतात: इथे ना गुणक विचारला ना भाजक, ना वर्ग ना घन, तरी घमेंडखोर गणक या पाशात नक्की अडकतो. नाव पाश का, याचा उलगडा मला तरी त्यातच दिसतो.

हा धागा पुढे महाराष्ट्राच्या मातीतच गुंतत जातो. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा, सन १२०७च्या सुमाराचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. त्याच सिंघणाच्या दरबारात शार्ङ्गदेव होता, संगीतरत्नाकराचा कर्ता. पेशाने तो हिशेबनीस, राज्याचा श्रीकरणाधिप. सात स्वर उलटसुलट क्रमाने मांडले तर ताना किती, ५०४०. त्यातली अमुक क्रमांकाची तान कोणती आणि अमुक तानेचा क्रमांक कोणता, इथेही शब्द तेच, नष्ट आणि उद्दिष्ट. त्यासाठी शार्ङ्गदेवाने खंडमेरू नावाचा कोठा दिला. चढत्या घरांत क्रमगुणितांच्या पटी लिहायच्या, त्यांवर खडे ठेवायचे, आणि खड्यांखालच्या संख्यांची बेरीज करायची, की तानेचा क्रमांक हाती. पाच हजार ताना मांडून बसायचं काम वाचलं. हिशेबनिसानेच हे करावं, यात मला नवल वाटत नाही. पुढे १३५६ साली नारायण पंडिताच्या गणितकौमुदीत अंकपाशाचा मोठा अध्याय आला. एका क्रमरचनेवरून कोशातल्या क्रमाने तिच्या लगेच पुढची कशी काढायची, या आज संगणकात रोज चालणाऱ्या रीतीचं श्रेय संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी आपल्या ग्रंथमालेत नारायणालाच दिलं आहे.

युरोपात मांडण्या मोजण्याच्या या शास्त्राचं नाव लायब्निट्झपासून धरतात. १६६६ साली, विशीत, त्याने जोडणीच्या कलेवर पुस्तक लिहिलं. 'कॉम्बिनारे' या लॅटिन क्रियापदाचा अर्थ दोन-दोन एकत्र जोडणे. आपण मात्र 'पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन' हे एक जोडनाव करून क्लासच्या पाटीवर ठेवलं.

पाशाची एक गंमत सांगायची राहिली. संस्कृतात 'पाश' म्हणजे फास, आणि 'पाशक' म्हणजे फासा. मराठीत दोन्ही उतरले, फास आणि फासा, अगदी जुळ्यांसारखे. पण भास्कराचार्यांच्या अंकपाशात पाशक नाही. छत्तीस लाख मूर्ती मोजल्या, पण डोळे मिटून एक उचलली तर ती अमुकच निघण्याचा संभव किती, हा प्रश्न विचारलेला नाही. जवळ जाणारी एकच गोष्ट आठवते, महाभारतातला नळ. ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाची पानं आणि फळं किती ते नुसतं पाहून सांगतो, आणि ती विद्या नळाला देताना म्हणतो, फाशांचं मर्मही यातच आहे. जुने फासे बेहड्याच्याच फळांचे असत. मोजणी आणि द्यूत यांचं नातं गोष्टीत आहे, गणितात आलं नाही. नव्हतं ते हे.

म्हणून 'रँडम'साठी गणिती शब्द आयता मिळाला नाही, तत्त्वज्ञानातून आणावा लागला: यदृच्छा, आणि तिच्यावरून यादृच्छिक. पुष्कळांना ही 'यत् + इच्छा' वाटते, वाट्टेल तशी इच्छा. तसं असतं तर शब्द यदिच्छा झाला असता. सर्वसाधारणपणे मानली जाणारी फोड 'यत् + ऋच्छा', 'ऋ' म्हणजे जाणे, येऊन पडणे. जे आपसूक येऊन पडतं ते. श्वेताश्वतर उपनिषदाच्या आरंभी जगाचं कारण काय याची चर्चा आहे, तिथे काळ, स्वभाव, नियती यांच्या रांगेत यदृच्छाही उभी आहे. गीतेत आपोआप मिळालेल्यावर समाधानी राहणारा माणूस याच शब्दाने सांगितला आहे. मराठीत तिला मनमानीचा वास लागला तो इच्छेशी झालेल्या या घोटाळ्यामुळे, असा माझा कयास.

'रीत' घ्या आता. रीति 'री' धातूवरून, वाहणे. ठरल्या पात्रातून जाणं म्हणजे रीत. यदृच्छाही जाण्या-येण्याचीच, पण पात्राविना. आणि इंग्रजी 'रँडम'? जुन्या फ्रेंचमध्ये 'राँदाँ' म्हणजे मुसंडी, बेफाम धाव. घोडा उधळला की जसा जातो तशी. लक्ष्याविना, असा अर्थ नंतर आला, आणि संख्याशास्त्रातला तर एकोणिसाव्या शतकाअखेर. तिन्ही शब्द मुळात चालण्या-धावण्याचे.

हंगेरियन भाषेतला शब्द या सगळ्यांत वेगळा: 'वेलेत्लेन'. 'वेल' म्हणजे वाटणे, समजणे, आणि पुढचा प्रत्यय 'विना'. जे कोणाच्या मनात नव्हतं ते, आपलं 'अकल्पित'. हंगेरियनचं इथे काय काम, असं वाटेल. पण यदृच्छेचे आलेख, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांच्या आकृती, नावारूपाला आले ते हंगेरियन डोक्यांतून. पॉल एर्डोश आणि आल्फ्रेड रेन्यी यांचा पहिला निबंध १९५९चा, दुसरा, अधिक गाजलेला, १९६०चा. त्याच १९५९ साली अमेरिकेत एडगर गिल्बर्टनेही स्वतंत्रपणे तीच कल्पना मांडली होती.

कल्पना अशी. हजार बिंदू घ्या. त्यांच्या जोड्या ४,९९,५००. आता सोडत काढा, म्हाडाच्या घरांची काढतात तशी निर्मळ, आणि एकेक जोडी निघेल तशी रेघेने जोडत जा. सुरुवातीला काय दिसतं? सुट्या काटक्या, मग छोटी झाडं. 'झाड' हा या शास्त्रातला अधिकृत शब्द, १८५७ साली आर्थर केलीने आणलेला. जिथे कुठेही वेढा पडत नाही अशी जोडणी म्हणजे झाड, अनेक झाडं म्हणजे अर्थातच वन. एर्डोश या आडनावाचा हंगेरियनमध्ये अर्थ आहे, वनाने झाकलेला. चारशे रेघांपर्यंत बहुतेक सगळी झाडंच. पाचशेच्या आसपास, म्हणजे बिंदूंच्या निम्म्या रेघा झाल्या की, एकदम काहीतरी होतं. लहान तुकडे भराभर एकमेकांना मिळतात आणि एक तुकडा बाकीच्यांना कित्येक पटींनी मागे टाकतो. हजार रेघा होईतो साधारण ऐंशी टक्के बिंदू त्याच्यात आलेले असतात. दुसरा मोठा तुकडा नसतोच, बाकी सगळी चिल्लर. शेवटचे एकलकोंडे बिंदू मात्र चिवट. तेही जोडले जायला सुमारे साडेतीन हजार रेघा लागतात. इंग्रजीत या तुकड्याला 'राक्षसी घटक' अशा अर्थाचं नाव आहे. मी त्याला थोरला घोळका म्हणेन. राक्षस बाहेरून येतो, हा घोळका आतूनच थोरला होतो.

सोडत म्हटलं की मनमानी संपते, हे लक्षात घ्यायला हवं. माणसाला 'वाट्टेल तशा रेघा ओढ' म्हटलं तर तो यादृच्छिक आलेख काढूच शकत नाही. रेघा सारख्या पसरवतो, नकळत नक्षी काढतो. यदृच्छेला नियम पाळावे लागतात, प्रत्येक जोडीला सारखीच संधी. म्हणूनच तिच्याबद्दल सिद्धांत मांडता येतात.

त्याहून चकित करणारी गोष्ट एर्डोश यांनी १९४७ सालीच केली होती. सहा माणसं एकत्र आली की त्यांत तिघं परस्परांच्या ओळखीची किंवा तिघं परस्परांना अनोळखी निघतातच. चौघांची हीच हमी हवी तर अठरा माणसं लागतात. पाचांची हवी तर ४३ ते ४६च्या दरम्यान किती, ते आजही माहीत नाही. एर्डोश यांनी विचारलं, असा गट कुठपर्यंत टाळता येईल? आणि रचना शोधत बसण्याऐवजी त्यांनी छापा-काटा केला: प्रत्येक जोडीसाठी एक नाणं. हिशेब केला तर निघालं, की असा आलेख बहुधा चालतोच. बहुधा चालतो म्हणजे चालणारा एक तरी आहेच. पण विचारपूर्वक, रीतीने, तितका चांगला आलेख रचून दाखवा म्हटलं तर अजून कोणाला जमलेलं नाही. नाणं फेकून सतत हाती लागणारी वस्तू रीतीला सापडत नाही. १९७६ साली रिचर्ड कार्प यांनी याच जातीचा प्रश्न विचारला. छापा-काट्याने काढलेल्या मोठ्या आलेखात परस्परांशी जोडलेल्या बिंदूंचा सर्वांत मोठा गट केवढा असतो ते ठाऊक आहे. साधी हावरी रीत, म्हणजे समोर येईल तो चालणारा बिंदू उचलत जाणारी, त्याच्या निम्म्याएवढा गट शोधते. निम्म्याहून जरा मोठा हुकमी शोधणारी काटकसरी रीत आहे का? उत्तर अजून आलेलं नाही.

आलेख या शब्दाविषयी फार सांगायचं नाही. 'लिख्' मुळात खरवडणे, ओरखडे काढणे. ग्रीक 'ग्राफ'ही तेच. १८७८ साली सिल्व्हेस्टरने रसायनशास्त्रातल्या रेणूंच्या रेखाकृतींवरून 'ग्राफ' हा शब्द घेतला. अडचण एवढीच, की शाळेतला चौकटीच्या कागदावरचा आलेख वेगळा आणि हा वेगळा, पण ती अडचण इंग्रजीतही आहेच. शिरोबिंदू आणि कडा हे घनाकृतींच्या धड्यातले शब्द इथेही बिनतक्रार चालतात.

या शास्त्रात एक आलेख मराठी आडनावाचा आहे. शरदचंद्र शंकर श्रीखंडे, जन्म सागरचा, १९१७. पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख. १९५९ साली आर. सी. बोस आणि पार्कर यांच्यासह त्यांनी ऑयलरचं लॅटिन चौरसांबद्दलचं पावणेदोनशे वर्षांचं अनुमान मोडलं आणि अमेरिकेतल्या वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर झळकले. संस्कृतात श्रीखंड म्हणजे चंदन, आणि चक्का-साखरेच्या पदार्थाचं जुनं नाव शिखरिणी, म्हणजे वृत्त तेच आणि गोडधोडही तेच. आडनाव यांतल्या कशावरून, त्या फंदात पडत नाही. त्याच वर्षी त्यांनी दाखवलेला आलेख सोळा बिंदूंचा. प्रत्येक बिंदूला सहा शेजारी, आणि कोणतेही दोन बिंदू घ्या, जोडलेले असोत वा नसोत, त्यांचे सामाईक शेजारी बरोबर दोन.

आता बुद्धिबळाचा चार बाय चारचा पट घ्या आणि ज्या दोन घरांमधून हत्ती एका चालीत जातो ती जोडा. सोळा बिंदू, सहा शेजारी, सामाईक शेजारी दोन. मोजदादीत दोन्ही आलेख तंतोतंत सारखे, पण आलेख वेगळे. शेजारी किती ते मोजून भागत नाही, शेजाऱ्यांचं आपसात कसं आहे ते पाहावं लागतं: हत्तीच्या पटावर सहा शेजाऱ्यांचे दोन त्रिकोण होतात, श्रीखंड्यांच्या आलेखात षटकोन. दोन आलेख एकच आहेत का हे ओळखणाऱ्या नेहमीच्या रीती, ज्या शेजार मोजत पुढे जातात, त्या इथे फसतात, आणि म्हणून नवी रीत तपासायची तर ही जोडी हमखास पुढे ठेवतात.

लास्लो बाबाई, एर्डोश आणि सेल्को यांनी १९८०मध्ये दाखवलं, की सोडतीने आलेले जवळजवळ सगळे आलेख अगदी साध्या रीतीने ओळखता येतात, कारण त्यांत शेजार फारसा सारखा नसतोच. अडतं ते नेमके बेतून, घडवून काढलेल्या आलेखांपाशी, श्रीखंड्यांसारख्यांच्या कामापाशी. त्यांच्यासाठी बाबाई यांनीच २०१५मध्ये एक रीत मांडली. ती एडमंड्सच्या अर्थाने चांगली ठरत नाही, तरी तिच्या अगदी उंबरठ्यापर्यंत पोहोचते, आणि आजवर हाती असलेल्या रीतींत तिच्याहून काटकसरी दुसरी नाही.